भरल्या सायकलीचा स्टँड

दिवाळी अंक किती जड असतात ते वाचणाऱ्याला कळत नाही, पोचवणाऱ्याला कळतं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. पुढे गुळगुळीत कागद आला, रंगीत जाहिराती आल्या, आणि आता जाडजूड अंक हातात घेतला की तीनशे-चारशे ग्रॅम सहज भरतो. मी बोरिवली पश्चिमेला एका खासगी वाचनालयाची पुस्तकं घरपोच देते. एरवी कॅरिअरवर एखादी पिशवी असते. दिवाळीत मात्र तीच सायकल पंधरा-वीस किलो घेऊन बाभई, वझिरा नाका, शिंपोली अशी फिरते आणि दर दुसऱ्या इमारतीखाली उभी करावी लागते. चालवताना ते वजन फारसं जाणवत नाही. खरी कटकट सायकल उभी करताना होते.

माझी सायकल मुलाची जुनी, गिअरची. तिला पेडलच्या लगेच मागे बसवलेला एकपायी साइड स्टँड होता. रिकामी सायकल त्यावर वर्षानुवर्षं निमूट उभी राहिली. मग मागे कॅरिअर बसवला, त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या पिशव्या आल्या. ऑक्टोबरात परतीच्या पावसाची सर नुकती पडून गेली होती, सायकल फाटकातून आत घेऊन लावली आणि मी दुसऱ्या मजल्यावर गेले. खाली धप्पकन आवाज. वॉचमन म्हणाला, “ताई, कोणी हात नाही लावला. आपणहून पुढे सरकली आणि आडवी झाली.” अंक पेव्हर ब्लॉकच्या खळग्यातल्या पाण्यात. गुळगुळीत कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळवून सोडवायला गेलं की छपाईसकट सोलून निघतात. ते अंक भरून द्यावे लागले.

वॉचमनच्या बोलण्यातलं ‘आपणहून पुढे सरकली’ हे महत्त्वाचं होतं. साइड स्टँडचा पाय उघडताना पुढे येतो, मिटताना मागे जातो. सायकल जराशी पुढे गेली की पाय जमिनीवर अडून मागे दुमडतो आणि स्टँड बंद होतो. मागे गेली तर उलट पाय जागच्या जागी आणखी घट्ट बसतो. म्हणून उतारावर सायकल नेहमी चढाकडे तोंड करून लावायची. आपल्या उपनगरांत हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण रस्ते काँक्रीटचे होता होता उंच झाले आणि जुन्या सोसायट्यांची आवारं खाली राहिली. फाटकातून आत शिरलं की बऱ्याच ठिकाणी उतारच लागतो. आत आलात की सायकल वळवून तोंड रस्त्याकडे करा आणि मगच स्टँड लावा.

पण नुसतं तोंड फिरवून माझं भागलं नाही. सपाट जागीही भरलेली सायकल डगमगायची. त्याचं कारण गल्लीतल्या सायकलवाल्याने जमिनीवर खडूने काढून दाखवलं: पुढचं चाक टेकतं तो एक ठिपका, मागचं चाक टेकतं तो दुसरा आणि स्टँडचा पाय तिसरा. तीन ठिपके जोडले की त्रिकोण होतो. सायकल आणि सामान यांचा मिळून जो भार आहे तो या त्रिकोणाच्या आत पडला तर ती तिवईसारखी उभी राहते, बाहेर गेला की पडते. आता स्टँड मधोमध असेल तर त्रिकोण मध्ये रुंद असतो आणि मागच्या चाकाकडे निमुळता होत जातो. माझं सगळं ओझं मागे, म्हणजे नेमकं निमुळत्या भागावर. स्टँड मागे, चाकाच्या आसाजवळ नेला की रुंद भागही मागे येतो. थोडक्यात, ओझं जिथे असेल तिथे स्टँड हवा. दुकानात मात्र सायकलचा आकार विचारतात, ओझं कुठे लादता हे कोणी विचारत नाही. ते आपणच सांगायचं.

हे सूत्र गॅसवाल्यांना कोणी शिकवलेलं नसतं. १४.२ किलोचा गॅस आणि लोखंडी टाकी धरून भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. असे दोन सिलिंडर कॅरिअरच्या दोन बाजूंना आकड्यांवर टांगून ते येतात. त्यांच्या काळ्या सायकलीचा स्टँड एकदा वाकून बघा. मागच्या चाकाच्या आसालाच दोन्ही बाजूंनी अडकवलेला, पाय चांगले फाकलेले, आणि बहुतेक वेळा मूळचा बदलून जाड सळईचा वेल्डिंग करून घेतलेला. सायकल मागे ओढून घेतली की मागचं चाक अधांतरी होतं आणि सगळं वजन दोन पायांवर बसतं. धारवाल्याचा तर धंदाच या स्टँडवर चालतो. चाक जमिनीपासून सुटलेलं असल्यामुळे तो सीटवर बसून पेडल मारतो आणि सुरी घासायचा दगड फिरवतो. भरल्या सायकलीसाठी आजही याच्याइतका भरवशाचा स्टँड मी पाहिलेला नाही. अडचण एवढीच की तो लावताना सगळं ओझं दोन-तीन इंच वर उचलावं लागतं, आणि कंबर साथ देत नसेल तर तो तुमच्यासाठी नाही. शिवाय त्या सायकलीही आता कमी होत चालल्या. ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तो योगायोग मला अजून खटकतो.

गिअरच्या सायकलीला हा स्टँड बसणं कठीण. मागे उजवीकडे गिअरची यंत्रणा, डिस्क ब्रेक असेल तर डावीकडे त्याचा सांगाडा. तेव्हा दोन पर्याय उरतात. एक, मधोमध बसणारा दोन पायांचा स्टँड. स्वित्झर्लंडच्या प्लेचर कंपनीचा असा स्टँड लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांत नावाजलेला आहे. मिटताना त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला जाऊन बसतात. त्यावर सायकल सरळ उभी राहते, कुठे कलत नाही, त्यामुळे सामान भरायला सोपी. पण ओझं मागे असलं की मागचं चाक टेकतं आणि पुढचं वर उचललं जातं. ते मोकळं चाक वाऱ्याने किंवा धक्क्याने वळलं की अख्खी सायकल हलते. दुसरा, मागच्या डाव्या बाजूच्या दोन नळ्यांना दोन ठिकाणी पकडणारा साइड स्टँड. मी हा घेतला. घेण्याआधी ब्रेकच्या भागाला तो कुठे घासत नाही ना, आणि पेडल मारताना टाच लागत नाही ना, हे दुकानातच बघितलं. मधल्या स्टँडची एक खोड मात्र यात नाही: तो उघडा ठेवून सायकल मागे ढकलली की डावं पेडल फिरत येऊन त्याच्यावर आपटायचं.

स्टँडची लांबी मात्र दुकानात ठरत नाही. भरल्या सायकलीचे टायर दबतात, स्टँडही किंचित वाकतो, म्हणून रिकाम्या सायकलीवर अचूक वाटलेली लांबी ओझ्याखाली चुकते. स्टँड लांब पडला तर सायकल जवळजवळ सरळ उभी राहते आणि जाताजाता कोणाचा धक्का लागला की उजवीकडे कोसळते. आखूड पडला तर डावीकडे इतकी कलते की सगळा भार त्या एका पायावर येतो. कमी-जास्त करता येणारा घ्या, आणि स्क्रू घट्ट करण्यापूर्वी नेहमीच्या पिशव्या टांगून मागे उभं राहून बघा. कापून बसवायचा असेल तर एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त कापू देऊ नका. पकड आवळतानाही सायकलवाल्याचा हात धरायचा. ॲल्युमिनियमची नळी ताकदीने दाबली तर चेपते. जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालून बेताने आवळलेलं बरं, आणि मग पावसाळ्यात अधूनमधून पाना लावून बघायचं, कारण आपल्या खड्ड्यांत नट सैल होतोच.

त्याच जुन्या ट्यूबची एक अंगठी कापून घ्या. फुकट मिळते. पुढच्या ब्रेकचा दांडा दाबून ती मुठीवर चढवली की चाक जाम होतं आणि सायकल सरकत नाही. स्टँड बदलण्याआधी मला कोणी एवढंच सांगितलं असतं तरी बरेच अंक वाचले असते. हँडलवर पिशव्या टांगत असाल तर नुसत्या ब्रेकने भागणार नाही. हँडल वळतं आणि तोल जातो. पुढचं चाक एका पट्ट्याने खालच्या नळीला बांधून टाकायचं. डबेवाल्यांच्या हँडलवरही डबे असतातच. म्हणूनच की काय, घाटकोपर, अंधेरीला स्टेशनाबाहेर त्यांच्या सायकली एकीला एक टेकवून लावलेल्या दिसतात.

मातीत किंवा सैल झालेल्या पेव्हर ब्लॉकवर स्टँडचा पाय रुततो. मी बूट पॉलिशच्या डबीचं झाकण पिशवीत ठेवते आणि पायाखाली सरकवते. उचलायला विसरते, म्हणून त्याला भोक पाडून दोरा बांधलाय. अंक काढतानाही एकीकडची पिशवी आधी रिकामी करत नाही. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काढत जाते.

ज्यांनी कॅरिअरवर मुलांची सीट बसवली आहे त्यांच्यासाठी यातलं काहीही पुरेसं नाही. मूल सीटवर असेल तोवर सायकलवरचा हात काढायचा नाही, स्टँड कितीही महागाचा असो. आधी मूल उतरवायचं, मग स्टँड.

आणि जिथे उतार फारच आहे, जमीनही धड नाही, तिथे मी स्टँड लावतच नाही. फुटपाथची कड गाठायची, सायकल तिला समांतर आणायची, फुटपाथकडचं पेडल मागच्या बाजूला घेऊन कडेवर टेकवायचं आणि सायकल किंचित त्याच बाजूला कलू द्यायची. ब्रेकवर ट्यूबची अंगठी. तीन मजले चढून उतरेपर्यंत सायकल तिथेच असते.