पाच दिवसांची कार्यशाळा आणि दागिन्यांचा हुनर

दागिने घडवणे पूर्वी वर्गात शिकवले जात नसे. ते उस्तादाच्या शेजारी बसून शिकायचे. शागीर्द आधी झाडलोट करी, शेगडी पेटवी, मग कानस हाती येई, आणि डाग लावायला मिळेपर्यंत काही वर्षे निघून जात. सोनाराच्या घरी जन्मलेल्या मुलाला ही वाट सोपी होती. बाहेरच्याला ती अवघड होती आणि बायकांना तर जवळजवळ बंदच. आता दोन दिवसांच्या, पाच दिवसांच्या, पंधरा दिवसांच्या कार्यशाळा निघाल्या आहेत. फी भरा, बाकावर बसा आणि स्वतःच्या हाताने केलेली चांदीची अंगठी घेऊन घरी जा.

आमचा धंदा कापडाचा. पण कापडाला शोभेल असा दागिना गिऱ्हाईक आमच्याच दुकानात बसून विचारते. शिवाय मागावरचे काम भरवशाचे राहिले नाही, म्हणून मुलाला किंवा मुलीला अशा कार्यशाळेला पाठवावे का, असेही अनेक जण विचारतात. फीचा पैसा कष्टाचा असतो, तेव्हा या प्रश्नाचा व्यापाऱ्याच्या नजरेने विचार करू.

आमचे मत थोडक्यात असे : कार्यशाळा कारीगर बनवत नाही. ती फक्त हाताची आणि धातूची ओळख करून देते. ही ओळखही मोलाची आहे, पण पुढच्या तीन महिन्यांच्या सरावाची तयारी नसेल तर फी वाया गेली असे समजावे.

पाच दिवसांत काय यावे?

पहिला दिवस कापण्याचा आणि घासण्याचा. करवतीचे पाते केसासारखे बारीक असते. त्याचे दात मुठीकडे वळलेले ठेवायचे, म्हणजे करवत खाली ओढताना कापते. नवशिक्याची पाच-दहा पाती तुटतातच, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. हा सराव तांब्याच्या पत्र्यावर करावा. तांबे स्वस्त आहे आणि हाताखाली बरेचसे चांदीसारखेच वागते.

दुसरा दिवस ताव समजण्याचा. ठोकून किंवा ओढून धातू कडक होतो. तसाच ठोकत राहिलो तर तो चिरतो. मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवला की पुन्हा नरम पडतो. एवढी गोष्ट हाताला कळली तर निम्मे काम कळले.

तिसरा दिवस डाग लावण्याचा, आणि हाच सर्वांत कठीण. डागाची चांदी मूळ चांदीपेक्षा कमी उष्णतेत वितळते, त्यावरच सारा खेळ आहे. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. ९२५ ची चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबे, ९०० अंशांच्या आतच वितळते. म्हणून डाग वाहिला की ज्योत तत्काळ बाजूला घ्यावी लागते. सांधा आधी घट्ट मिळवावा, टाकणखार लावावा आणि ज्योत फक्त डागावर न धरता सगळा दागिना सारखा तापवावा. फट राहिली असेल तर डाग ती भरून काढत नाही.

चौथा दिवस अंगठीचा. येथे थोडे गणित आहे. आतला व्यास आणि पत्र्याची जाडी यांची बेरीज करून तिला ३.१४ ने गुणावे. आतला व्यास १७ मिलिमीटर आणि पत्रा दीड मिलिमीटर असेल तर १८.५ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ५८ मिलिमीटर पट्टी कापावी. जाडी धरायला विसरलो तर अंगठी लहान होते.

पाचवा दिवस कोंदणाचा आणि उजाळ्याचा. डागाची सर्व कामे संपल्यावरच खडा बसवायचा, कारण बहुतेक खडे ज्योत सहन करत नाहीत. कानशीच्या रेघा मोडून काढल्याशिवाय पॉलिशला हात लावू नये. पॉलिशने रेघ झाकत नाही, उलट ती चमकून दिसते.

जिवाची काळजी

डागात कॅडमियम असेल तर त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो. बाजारात ज्याला केडीएम म्हणत, ते हेच. म्हणून कॅडमियम नसलेला डागच वापरावा आणि काम हवेशीर जागी करावे. दागिना साफ करण्याचे आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. ज्योतीजवळ ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस नकोत. शिकवणारा या गोष्टी पहिल्याच दिवशी सांगत नसेल तर तेथून उठावे.

वजनाचा हिशेब

कापडाच्या धंद्यात चिंधी गेली तर फार हळहळ होत नाही. दागिन्यांच्या धंद्यात चिंधीचाही हिशेब असतो. समजा, २० ग्रॅम चांदी घेतली. तयार माल १६ ग्रॅम भरला आणि तुकडे व कीस मिळून ३.४ ग्रॅम परत आले, तर घट झाली ०.६ ग्रॅम, म्हणजे शेकडा तीन. हा आकडा वहीत लिहिला नाही तर नफा कोठे गेला ते कधीच कळणार नाही. झारेकरी, ज्यांना उर्दूत न्यारिया म्हणतात, सोनाराच्या दुकानातली धूळ विकत घेऊन धुतात आणि तिच्यातून सोने-चांदी काढतात. ज्या धुळीवर दुसऱ्याचे घर चालते, ती आपण झटकून टाकू नये.

किंमत ठरवताना धातू, घट, गॅस व पॉलिशचा खर्च आणि घडणावळ असे चार भाग वेगळे मांडावेत. नवशिका बहुधा धातूची किंमत धरतो आणि स्वतःची मेहनत फुकट देतो.

कार्यशाळा कशी निवडावी?

फी भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. एका उस्तादामागे किती शिकणारे आहेत? आठ-दहापेक्षा जास्त असतील तर हात धरून शिकवणे होत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र बाक आणि ज्योत मिळते का? धातूचा खर्च फीमध्ये आहे की वेगळा? नंतर अडचण आली तर विचारायला येता येईल का? मोठे प्रमाणपत्र आणि छापील फोटो यांना भुलू नये. गिऱ्हाईक सांधा पाहते.

मोत्या-मण्यांची ओवणी दोन दिवसांत येते आणि घरबसल्या करता येते. पण ते काम शिकणारेही पुष्कळ असल्याने घडणावळ कमी मिळते. नकली दागिन्यांत निकेल असेल तर काहींच्या कातडीवर पुरळ उठते. तेव्हा माल विकताना त्यात काय आहे ते सांगून विकावे. सोन्याला तर नवशिक्याने घाईने हात घालू नये. त्यात भांडवल मोठे लागते, आणि १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे.

पुढचे तीन महिने

घरी परतल्यावर रोज दोन तास तांब्यावर काम करावे. एकच साधी अंगठी पन्नास वेळा करावी. विसावी आणि पन्नासावी शेजारी ठेवली की प्रगती आपोआप दिसते. त्यानंतर एखाद्या चालू कारखान्यात कमी मजुरीवर का होईना, बसावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पैंजणाचे काम अनेक हातांत वाटलेले असते. कोणी कड्या करतो, कोणी डाग लावतो, कोणी उजाळा देतो. यातून शिकण्यासारखे हे की सारे काम एकट्याला येण्याची गरज नाही. एक काम चोख आले तरी रोजी मिळते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तिची रचना आहे. मात्र ती १८ वर्षांवरील आणि आधीपासून हाताने हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, अगदी नवख्यासाठी नाही. तिच्यातील कर्जावर पाच टक्के व्याज आहे. ज्यांना व्याज नको, त्यांनी कर्ज न घेता प्रशिक्षण आणि अवजारे एवढाच लाभ घ्यावा.

पाठवायचे ठरले तर फीइतकीच रक्कम तांबे, पाती, डाग आणि गॅस यांसाठी आधीच बाजूला काढून ठेवावी. तेवढी ऐपत आज नसेल तर कार्यशाळा सहा महिने पुढे ढकलावी, त्यात कमीपणा नाही. उस्तादाच्या जमान्यात वर्षे लागत, ती उगाच लागत नव्हती. कार्यशाळेने दार उघडले आहे, पण आत गेल्यावर बसावे तर लागणारच.