सर्वांचा एक सूर

कळंब हे धाराशिव जिल्ह्यातील मांजरा नदीकाठचे तालुक्याचे गाव. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे या दिवशी राज्यातील इतर गावांप्रमाणे तेथेही झेंडावंदन होते. याशिवाय १७ सप्टेंबरलाही तेथे झेंडा फडकतो. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि मराठवाडा मुक्त झाला, त्याची ही आठवण. अशा प्रत्येक सकाळी मुले एकत्र उभी राहून गातात. पुष्कळ मुलांनी मिळून एकच गीत गाणे म्हणजे समूहगान.

समूहगान सोपे असते, असे अनेकांना वाटते. मोठ्याने म्हटले की झाले! पण तुम्ही जोरात ओरडलात, तर शेजाऱ्याचा आवाज तुम्हांला ऐकूच येणार नाही. मग त्याच्याशी सूर जुळवणार कसा? म्हणून गाताना नेहमी इतक्याच आवाजात गावे, की शेजारचा आवाज आपल्या कानी पडेल. समूहगानात गळ्याइतकेच कानांना काम असते.

गाणे शिकवणाऱ्या शिक्षकांचे पहिले काम म्हणजे पट्टी ठरवणे. गाणे किती उंच किंवा किती खालच्या सुरात सुरू करायचे, ते पट्टीवरून ठरते. सुरुवात उंच झाली, की पुढच्या कडव्यात मुलांचे आवाज फाटतात. यावर एक साधा उपाय आहे. गाण्यातील सर्वांत उंच ओळ आधी म्हणून पाहावी. ती सर्वांना सहज म्हणता आली, तर पट्टी बरोबर आहे असे समजावे.

दुसरे काम श्वासाचे. लांब ओळ म्हणताना सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तर गाणे मध्येच तुटते. म्हणून शेजारच्या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी श्वास घ्यावा. एक थांबतो, तेव्हा दुसरा गात असतो. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते.

तिसरे काम लयीचे. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. घड्याळ लावून पाहा. वेळ बराच जास्त लागला, तर समजावे, की गाणे रेंगाळले.

आता उच्चारांविषयी. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपले राज्यगीत आहे. ते राजा बढे यांनी लिहिले, श्रीनिवास खळे यांनी त्याला चाल लावली आणि शाहीर साबळे यांनी ते गायले. या नावातील ‘जय’मधला ‘ज’ तुमच्या ‘जीम’सारखा आहे. ‘माझा’मधला ‘झ’ मात्र दातांजवळ उच्चारायचा, ‘झे’च्या जवळचा. ‘झे’ तुमच्या जिभेवर रोज असतो. म्हणून हा उच्चार तुम्हांला लवकर जमेल. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचा सराव मात्र करावा लागेल. शब्द आधी सावकाश वाचावेत, अर्थ समजून घ्यावा आणि मग चाल धरावी.

संगीतकार वसंत देसाई (१९१२–१९७५) यांचे नाव या विषयात आदराने घेतले जाते. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटातील प्रार्थनेला त्यांनी चाल दिली. ती पुढे कितीतरी शाळांची प्रार्थना झाली. ‘एक सूर, एक ताल’ या उपक्रमातून त्यांनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावले. ही सगळी मुले काही गवई नव्हती. साधी चाल, पक्की लय आणि भरपूर सराव यांच्या बळावर मोठा समूहही एका सुरात गाऊ शकतो.

तरीही काही ठिकाणी एखाद्या मुलाला सांगितले जाते, “तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.” हे बरोबर नाही. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो. गळ्यातील स्वरतंतू वाढतात, आवाज जाड होतो आणि कधी अचानक घसरतो. हा दोष नाही, वाढीचा भाग आहे. अशा मुलाने खालच्या सुरात, हळू गावे. त्याला पक्क्या सुराच्या दोन मुलांमध्ये उभे करावे. ऐकता ऐकता पुष्कळांचा सूर जुळतो. पण ज्याला एकदा गप्प बसवले, तो पुढे वर्गात मराठीचा धडा मोठ्याने वाचायलाही कचरतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी गाण्याचा प्रमुख होईल. सुरुवात त्याने करून द्यावी, हाताने लय दाखवावी आणि मधूनच स्वतः गप्प राहावे. गाणे तसेच पुढे चालू राहिले, तर त्याने आपले काम चांगले केले असे समजावे. आणि शेवटच्या रांगेतला मुलगाही गात आहे ना, हे पाहायला त्याने विसरू नये.

स्वाध्याय
१. गाण्याची पट्टी ठरवण्याचा कोणता उपाय पाठात सांगितला आहे?
२. लांब ओळ म्हणताना शेजारच्या मुलांनी श्वास कसा घ्यावा?
३. “तू नुसते ओठ हलव” असे म्हणणे योग्य का नाही? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. ‘जय’ आणि ‘माझा’ हे शब्द मोठ्याने म्हणा. उच्चारांतील फरक मित्राला उर्दूत समजावून सांगा.