होडीतून पडद्यावर

आम्ही ॲनाहाइमपासून तासाभरावर राहतो, त्यामुळे भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला डिस्नेलँड दाखवणं ओघानंच येतं. दिवसा राइड आणि रात्री घरी त्याच राइडवरचा चित्रपट, असा शिरस्ता पडलाय. त्यातून राइडवरच्या चित्रपटांबद्दल सुचलेलं थोडंसं.

१. राइडमधल्या पात्राला गोष्ट नसते, नुसती ढब असते. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधले चाचे मार्क डेव्हिस यांनी रेखाटले. मॅलेफिसंट आणि क्रुएला पडद्यावर जिवंत करणारा हा ॲनिमेटर. होडी पुढे सरकायच्या आत माणूस कळला पाहिजे, म्हणून चिखलात डुकरांना टेकून पडलेला तो दारुडा. गणपतीच्या हलत्या देखाव्यातला अफझलखान हात वर-खाली करतो, तेव्हा त्याच्या बालपणाची चौकशी कोण करतं? चित्रपटाला मात्र दोन तास काढायचे असतात.

२. राइडमध्ये नायक नसतो, कारण त्याच्या जागेवर तिकीट काढून आपण बसलेलो असतो. ती जागा भरायची तर बाहेरचा माणूस आणावा लागतो. १९६७ साली राइड सुरू झाली तेव्हा तिच्यात जॅक स्पॅरो नव्हताच. तो आला २००३च्या चित्रपटातून, आणि जॉनी डेपला चक्क ऑस्करचं नामांकन मिळवून गेला. पण टेड एलियट आणि टेरी रॉसियो या पटकथाकारांची खरी करामत मला वेगळीच वाटते. राइडमध्ये आधी खजिन्यावर बसलेले सांगाडे दिसतात, मग जिवंत चाचे. मेलेले आधी, जिवंत नंतर! चित्रपटाने दोन्ही एकाच माणसात आणले: एरवी धडधाकट, चांदणं पडलं की सांगाडा. राइड नुसती ओळखीची असून भागत नाही, अशी नजर लागते.

३. राइडची आठवण अशी पेरावी की राइड न पाहिलेलाही हसेल. कोठडीतले कैदी तोंडात किल्ल्या धरलेल्या कुत्र्याला चुचकारताहेत, तो काही हलत नाही, हा राइडमधला लाडका देखावा. चित्रपटात जॅक त्या कैद्यांना सुनावतो की कितीही बोलवा, हा जागचा हलायचा नाही. आमची मावशी राइडला घाबरून बाहेरच थांबली होती, तरी याला खळखळून हसली.

४. प्रत्येक भुताची वंशावळ सांगू नये. ‘हाँटेड मॅन्शन’मधलं हॅटबॉक्स घोस्ट १९६९मध्ये राइड सुरू झाल्यावर लगेच काढून टाकावं लागलं, खांद्यावरचं डोकं गायब होऊन हातातल्या डब्यात दिसण्याची जादू नीट साधत नव्हती. चाहत्यांनी मात्र त्याचा ध्यास सोडला नाही. २०१५मध्ये ते परतलं. मग २०२३च्या चित्रपटाने त्याला नाव दिलं, पूर्वेतिहास दिला, खलनायक केलं, आणि ते एकदम लहान झालं. त्याच चित्रपटात बायको गमावलेला, भुतांवर विश्वास नसलेला टूर गाइड आहे. त्याला भुताशी बोलायचं कारण आहे. तेवढ्यावर चित्रपट उभा राहिला असता.

५. कधी कधी राइडचं पात्र बाहुलीत नसतंच. ‘जंगल क्रूझ’चा जीव आहे तो होडी हाकणाऱ्या जित्याजागत्या स्किपरच्या पाचकळ कोट्यांत. २०२१च्या चित्रपटात ड्वेन जॉन्सन प्रवाशांना तसल्याच कोट्या ऐकवतो, तोवर मजा येते. मग शापित स्पॅनिश शिपाई उगवतात आणि आमचे काका झोपतात.

६. चित्रपट चालला की राइडला हिशेब चुकता करावा लागतो. २००६मध्ये जॅक स्पॅरोचे पुतळे ‘पायरेट्स’च्या राइडमध्ये बसले. आता मुलं त्यालाच शोधत बसतात, डुकरांकडे लक्ष नाही. उलट त्याच राइडमध्ये चाच्यांनी लिलावात उभी केलेली तांबड्या केसांची बाई २०१८मध्ये कुठल्याही चित्रपटाविना बंदूकधारी चाची झाली. तिच्यावर कुणी चित्रपट काढला, तर पहिल्या खेळाला जाईन. फक्त तिचं बालपण दाखवू नका.