अर्जाचे दार सर्वांना उघडे



शिष्यवृत्ती, बँकेचे खाते, दिव्यांगांचे ओळखपत्र यांचे अर्ज आज देगलूरहूनही संकेतस्थळावर भरले जातात. ज्याला दिसत नाही, त्याने ते कसे भरावे?

अंध व्यक्ती संगणकावर ‘स्क्रीन रीडर’ वापरते. पडद्यावरील मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. ‘एनव्हीडीए’ हा असाच एक मोफत स्क्रीन रीडर आहे. पण सूचना नुसत्या फोटोत असली, तर तो अडतो. मराठी मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये असला, तर त्यातून निरर्थक आवाज ऐकू येतात.

बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितले जाई. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या बहिणीने आणि अंध भावाने काय करावे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला : डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. केवायसीला डोळे मिचकवण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवण्याचे आदेशही दिले.

आपण काय करू शकतो?
१. सूचना युनिकोडमध्ये टाइप करा.
२. फोटोत काय आहे, ते एका वाक्यात लिहा.
३. व्हिडिओवर बोललेले शब्द लिहून द्या. कर्णबधिरांना ते वाचता येतील.
४. संकेतस्थळ बनवणाऱ्याला सांगा : प्रत्येक रकान्याला नाव हवे आणि माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर अर्ज भरता आला पाहिजे.

विचारासाठी प्रश्न : आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेली शेवटची सूचना अंध शेजाऱ्याला कोणाच्या मदतीशिवाय कळली असती का?