जखमी सैनिकाची पत्नी : शुश्रूषा करणारीची शुश्रूषा

रणांगणावर पतीला वीरमरण आले, तर समाज त्या स्त्रीला वीरपत्नी म्हणून गौरवितो. पती जिवंत परतला, परंतु कमरेखालच्या संवेदना गमावून परतला, तर तिच्यासाठी आपल्या भाषेत वेगळा शब्द नाही. दिंडोशी परिसरात सातारा, सांगली व कोकणातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. सैनिकी परंपरेच्या या भागांतील नात्यागोत्यात असे घर आढळणे नवलाचे नाही.

जखमी जवानांसाठी लष्कराने आपल्याच राज्यात मोठे कार्य उभे केले आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, तर खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ सालचे. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले श्री. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले, हे सर्वश्रुत आहे. परंतु रुग्ण घरी आल्यावर पुढील अनेक वर्षे कोणाच्या खांद्यावर पडतात, याची नोंद होत नाही.

रुग्णालयात परिचारिकांच्या आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. घरी तिन्ही पाळ्या एकटी पत्नी करते, आणि साप्ताहिक सुटी नाही. शय्याव्रण होऊ नये म्हणून रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. म्हणजे तिची झोपही दोन-दोन तासांच्या तुकड्यांची. अशा हजेरीपटावर कोणतेही रुग्णालय चालणार नाही. घर मात्र चालावे अशी आपली अपेक्षा असते!

म्हणून आठवड्यातून निदान दोन रात्री मुलगा, दीर वा अन्य नातेवाईकाने जागाव्यात. हवेची गादी वापरल्यास कूस बदलण्याचे अंतर किती वाढविता येईल, हे डॉक्टरांना विचारावे. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत नेताना रुग्णास उचलू नये. खुर्चीचे ब्रेक लावून गुळगुळीत फळीवरून सरकवावे. पत्नीची कंबर एकदा गेली की घरात दोन रुग्ण होतात. तिने स्वतःचा रक्तदाब, साखर व हिमोग्लोबिन ठरलेल्या दिवशी तपासून घ्यावे. एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेत पत्नीही लाभार्थी असते; तरीही अनेकजणी पतीचीच औषधे घेऊन परततात.

शंभर टक्के अपंगत्व असून सतत मदतनिसाची गरज वैद्यकीय मंडळाने मान्य केली असेल, तर निवृत्तिवेतनासोबत परिचर भत्ता मिळतो. तो घरखर्चात न मिसळता काही तासांसाठी मदतनीस ठेवण्याकडे वळवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घ्यावे.

मनाच्या जखमेविषयी घरात बोलले जात नाही. रात्री दचकून उठणे, अबोला, मद्यपान, अकस्मात संताप, हे सारे पत्नी झाकून ठेवते. हा आजार असू शकतो व त्यावर उपचार आहेत. मात्र संताप हात उगारण्यापर्यंत गेला, तर ते सोसणे ही पतिसेवा नव्हे; तिने तत्काळ माहेरी वा शेजारी जाऊन मदत मागावी. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रुग्णाप्रमाणेच त्याच्या पत्नीलाही विनामूल्य सल्ला मिळतो.

देणगीदारांना एक विनंती. खाटा व उपकरणांसाठी आपण उदारपणे देता. यंदा काही रक्कम अशा घरांत महिन्यातून चार दिवस मदतनीस पाठविण्यासाठी राखून ठेवावी. त्यावर कोणाच्या नावाची पाटी लावता येणार नाही, याची कल्पना आहे.