कुलूप घराला, मीटर मात्र चालूच

नांदेड-लातूरकडच्या गावांत कुलूपबंद घरं कमी नाहीत. मुलं पुण्याला, म्हातारी माणसं त्यांच्यामागे, आणि मागे राहतं माळवदाचं घर. जाताना मेन स्विच खाली ओढला की वीज संपली, असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. वापर थांबल्याने जोडणी संपत नाही. तो करार आहे आणि लेखी मोडल्याशिवाय तो मोडत नाही. रीतसर अर्ज देऊनही बिलं येत राहिली, अशा ग्राहकांपैकी मी एक आहे, त्यामुळे या लिहिण्यात राग आहे आणि तो मी लपवत नाही. शून्य युनिट जळलं तरी बिलात स्थिर आकार लागतोच. दाराला कुलूप असल्याने रीडिंग मिळालं नाही, तर सरासरी युनिटं टाकली जातात. म्हणजे अंधारात उभ्या असलेल्या घराच्या नावावर वीज जळल्याचं बिल तयार होतं, आणि पुढे ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं ग्राहकावर येतं.

यावर हमखास ऐकू येतं, की बिल भरू नका, वीज कंपनीवालेच येऊन तोडतील. तोडतात, हे खरं. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे 15 दिवसांची नोटीस देऊन पुरवठा बंद करता येतो. पण वायर जाते, बाकी जात नाही; तिच्यावर व्याज चढतं आणि ती त्या जागेला चिकटते. महाराष्ट्राच्या वीजपुरवठा संहितेत आधीच्या मालकाची बाकी नव्या मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. त्रयस्थ खरेदीदारावर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बाकीचा भार येतो, पण वारसाला ही मर्यादा लागू नाही. गावाकडची घरं बहुतेक वारसानेच येतात, म्हणजे वडिलांच्या नावावरची पूर्ण बाकी मुलांच्या गळ्यात. दोन वर्षांनी बाकी बुडते, असं सांगणारेही भेटतात. 19 मे 2023 रोजी के. सी. निनान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कलम 56 मधली दोन वर्षांची मुदत दिवाणी मार्गाने होणाऱ्या वसुलीच्या आड येत नाही. मग थकबाकीवर सवलत देणाऱ्या अभय योजनेची वाट पाहावी का? 2022 मध्ये विलासराव देशमुखांच्या नावाने अशी योजना आली, 2024 मध्ये पुन्हा आली. व्याज माफ झालं, मूळ रक्कम मात्र भरावीच लागली. आणि जी बाकी मुळात सरासरीच्या आकड्यांनी फुगलेली आहे, तिच्यावर सवलत मिळाली म्हणून उपकार कसले मानायचे?

मीटर ठेवलेलाच बरा, पुन्हा जोडणी घेताना त्रास होतो, हा आक्षेप मात्र मला पटतो, पण वर्षभरात परत येणार असाल तरच. तेव्हा बिल भरत राहा. घर पाडायचं असेल किंवा भिंती खचल्या असतील, तर जोडणी तोडून घ्यायला एक दिवसही थांबू नका. पावसाळ्यात मातीची भिंत बसते आणि खांबावरून आलेली जिवंत वायर ढिगाऱ्यात राहते. मीटर काढला तरी खांबापासूनची वायर उतरवली का, हे स्वतः पाहा.

जोडणी कायमची तोडण्याचा अर्ज वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात द्या, बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहा, मागची बाकी आधी शून्य करा. सगळ्यात जास्त त्रास होतो तो पोच मिळवताना. 'ठेवून जा, बघतो,' हे उत्तर स्वीकारू नका. आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण पुढे अर्ज आलाच नव्हता असं सांगितलं जातं आणि सांगणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. मीटर काढताना त्याचा क्रमांक आणि शेवटचं रीडिंग एकाच फोटोत घ्या. मीटर भिंतीवरून गेला तरी संगणकात ग्राहक चालूच राहू शकतो, म्हणून अंतिम बिल आणि कायमस्वरूपी खंडित केल्याची नोंद लेखी मागा. सुरक्षा ठेव तुमचीच आहे. वीज कायद्याच्या कलम 47 प्रमाणे ती मागितल्यावर व्याजासह परत द्यायची असते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. कागद जपून ठेवा, बोलताना संयम ठेवा. आणि तरीही बिल आलंच, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. त्यासाठी तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.