घरगुती चित्रफितींचे संकलन व जतन

जव्हार-मोखाडा परिसरात मुखवटे धारण करून रात्री रंगणारा बोहाडा, तारप्याच्या सुरावर धरला जाणारा फेर आणि वारली लग्नातील धवलेरीची गाणी हे सारे पिढ्यानपिढ्या मुखोद्गत चालत आले आहे. त्यामुळे एखाद्या घरातील चित्रफीत हीच पुढे त्या परंपरेची एकमेव नोंद ठरू शकते. तिच्या जतनासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये.

प्रथम जुन्या व्हीएचएस कॅसेट हाती घ्याव्यात. चुंबकीय फितीवरील मुद्रण काळानुसार क्षीण होते. येथील दीर्घ पावसाळ्यातील दमट हवेने फितीवर बुरशीही चढते. अशी फीत साफ केल्यावाचून यंत्रात घालू नये. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविल्यापासून चालू स्थितीतील यंत्र मिळणेही कठीण झाले आहे. म्हणून संकलनापूर्वी रूपांतर करावे. त्यासाठी असे यंत्र, संगणकास जोडण्याचे एक यूएसबी कॅप्चर उपकरण व ‘ओबीएस’ ही विनामूल्य प्रणाली पुरेशी होते.

संकलनासाठी ‘शॉटकट’ व ‘केडेनलाइव्ह’ या प्रणालीही विनामूल्य असून त्या तयार चित्रफितीवर स्वतःची मुद्रा उमटवीत नाहीत. संगणक मंदगती असल्यास ‘प्रॉक्सी’ सोय वापरून लहान प्रतीवर काम करता येते. केवळ नको तो भाग वगळावयाचा असेल, तर ‘लॉसलेसकट’ पुरते. संकलन नेहमी प्रतीवर करावे. मूळ फाइलला हात लावू नये. तयार चित्रफीत बहुतेक सर्व साधनांवर चालणाऱ्या एमपी-४ स्वरूपात ठेवावी.

सेकंदास ५ मेगाबिट या प्रमाणात एका तासाच्या चित्रणास सुमारे सव्वादोन गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ५०० गिगाबाइटच्या हार्ड डिस्कवर सुमारे २०० तासांचे चित्रण मावते. तथापि एकाच डिस्कवर विसंबू नये. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठविलेले चित्रण आकुंचित होते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

शेवटी, प्रत्येक फाइलला वर्ष, गाव व प्रसंग यांचे नाव द्यावे आणि गाणारे, वाजविणारे कोण होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. चित्रातील माणसे ओळखणारे आज घरात आहेत, तोवरच हे काम उरकणे श्रेयस्कर होय.